लिफ्टवाल्याचं पुढे काय झालं

बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनमध्ये ज्यांनी नोकरीची उभी हयात काढली, त्या गृहस्थांना लोक घारभाऊ म्हणत. हे नाव त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की निवृत्तीनंतर बाजारात भाजी बघतानाही ते मान आधी झटक्यात आणि मग सावकाश वळवत. भाजीवाल्याला वाटे, गिऱ्हाईक रागावलं.

नाव मात्र कमावलेलं होतं. समुद्रात जहाज अजून ठिपक्याएवढं असताना घारभाऊ केबिनमधून त्याचं नाव सांगत. खाली उभ्या असलेल्या मुकादमाने आज दाढी केली आहे की नुसता चेहरा धुतला आहे, हे त्यांना वरून कळे. दरवर्षीच्या तपासणीत बंदराचा डॉक्टर भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करी. घारभाऊ सगळ्यात खालची ओळ वाचत आणि कुणी विचारलेलं नसताना त्याखालचं छापखान्याचं नावही वाचत. "पुरे, पुरे," डॉक्टर म्हणे, आणि शिक्का मारी. एवढ्या वर्षांत त्या डॉक्टरने त्यांच्या नाकासमोर वाचायला कधी काही धरलं नाही. क्रेनवाल्याला नाकासमोर काय बघायचं असतं?

रोज संध्याकाळी त्यांचं कपाळ ठणकायचं, पण त्याचं खापर त्यांनी उन्हावर फोडलं होतं. पावसाळ्यातही.

चाळिशीच्या आधीच त्यांचे हात आखूड पडायला लागले. म्हणजे हात होते तेवढेच होते, पण हातातला कागद वाचण्याइतका लांब जाईना. दुसरा कुणी असता तर चष्मा करून मोकळा झाला असता. घारभाऊंना गरज पडली नाही, कारण घरात वहिनी होत्या.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. तिला सगळी इमारतच वहिनी म्हणे, म्हणून आपणही म्हणू. वहिनींचं सगळं उलट. हातभर अंतरापलीकडे त्यांच्यासाठी धुकं सुरू होई. समोरून येतेय ती नणंद आहे की विजेचा खांब, हे त्यांना अगदी जवळ गेल्यावरच कळे, आणि नणंदेच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असे. पण हातातली वस्तू? तांदळातला खडा, बोटात रुतलेलं कुसळ, औषधाच्या बाटलीवरची मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं, सगळं म्हातारपणीही लख्ख. सुईत दोरा तर त्या बोलता बोलता ओवत.

तेव्हा या दोघांनी जगाची वाटणी करून टाकली होती. हाताच्या पलीकडचं सगळं घारभाऊंचं, अलीकडचं वहिनींचं. बसचा नंबर, दुकानाची पाटी, फाटकातून कोण येतंय, आभाळ कुठवर भरलंय, हे खातं त्यांच्याकडे. मीठ, साखर, बटणं, गोळ्या, विजेचं मीटर आणि वर्तमानपत्र हे तिच्याकडे. दोघांत मिळून एक धड माणूस होता, आणि त्या माणसाला चष्म्याची गरज नव्हती. मुलीने कधी विषय काढलाच तर दोघंही घरात सवत येऊ घातल्यासारखं तोंड करत.

संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या पडत. वहिनी पेपर उघडत आणि नाकाला लावत. दुरून बघणाऱ्याला वाटे, बाई पेपर वाचत नसून हुंगतेय. ठळक बातम्या त्या भराभर उरकत, जणू नावडती औषधं. मग आतलं पान यायचं. तिथं खाली डावीकडे एक छोटं सदर होतं, लिफ्टवाल्याचं.

घारभाऊ पेपर ऐकायचे ते त्या सदरासाठी.

एका जुनाट कचेरीतला हा लिफ्टवाला. माणसाला त्याने मागितलेल्या मजल्यावर न सोडता, त्याची जी लायकी असेल त्या मजल्यावर सोडायचा. मोठे साहेब सहावा म्हणाले की हा त्यांना तळघरात उतरवी आणि म्हणे, "जरा विचार करून या, मग बघू." सफाईवालीला मात्र गच्चीपर्यंत नेऊन हवा खायला घाली. स्वतःबद्दल त्याची खात्री अशी की एकदा त्याने सगळ्यांना भलत्याच मजल्यावर उतरवलं आणि लोक ओरडायला लागले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मी बरोबर थांबलोय. मजला हलवलाय त्यांनी."

यावर घारभाऊ मांडीवर थाप मारून हसले होते. "काय मूर्ख माणूस आहे! मजला हलवलाय म्हणे!"

"असतात असे," वहिनी पेपराआडून म्हणाल्या.

ही गोष्ट, आता आठवून बघितलं तर, त्याच आठवड्यातली, ज्या आठवड्यात घारभाऊंनी लांबूनच नंबर ओळखलेल्या बसमध्ये दोघं चढले आणि मुलीच्या घराऐवजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यापाशी उतरले. घारभाऊ म्हणाले होते, या लोकांनी मार्ग बदललाय. वहिनींनी पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, "हो का? बदलला असेल."

सदर संपलं की पाळी घारभाऊंची. वहिनी पेपराची घडी घालत आणि समोरच्या धुक्याकडे बघत विचारत, "आली का हो ती बाई, समोर चौथ्या मजल्यावर?"

"आलीय."

"काय करतेय?"

"उभी आहे खिडकीत."

"नुसती?"

"नुसती."

"अंगावर काय घातलंय?"

"फिकट काहीतरी."

"बिचारी."

"त्यात बिचारी काय? उभी आहे ती."

असा हा त्यांचा वृत्तांत. उंचावरून अख्खं बंदर बघितलेल्या माणसाकडून बायकोला रोज एवढंच मिळे. तिने कधी तक्रार केली नाही. उलट थोड्या दिवसांनी लिफ्टमध्येही एक बाई यायला लागली. रोज चढायची, "चौथा" एवढंच म्हणायची आणि उतरून जायची. आणि आमचा लिफ्टवाला, जो साहेबांना तळघर दाखवी, त्याची हिच्यापुढे दातखीळ बसे. वर्षानुवर्षं त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण चौथा मजला फार लवकर येई.

मग एका संध्याकाळी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली. आत तो आणि ती. दिवा गेलेला. लिफ्टवाल्याने घसा खाकरला, टोपी काढली, आणि तो म्हणाला...

"काय म्हणाला?"

"इथंच संपलंय," वहिनी म्हणाल्या. "बाकी उद्या."

"हा काय चावटपणा! एवढ्याशा जागेत काय उद्यावर टाकायचं?"

"मला काय विचारता? मी लिहिते का?" आणि त्या उठल्या, उठताना खुर्चीला धरून जरा थांबल्या, आणि पोळ्या करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. ते काही एका रात्रीत झालं नव्हतं. पायांना सूज होती, ओठ निळसर झाले होते, डॉक्टर म्हणाले की महिना तरी दिसत असणार. बायकोचे ओठ हे हाताच्या अलीकडचं खातं होतं, आणि ते खातं तिच्याकडे होतं.

तिथल्या खाटेशेजारी बसून घारभाऊंनी एक प्रश्न विचारला. माणसाने अशा वेळी काय विचारावं याचे काही नियम असतील तर त्यात हा बसत नाही, पण त्यांना दुसरं बोलायला सुचेना.

"अगं, ते लिफ्टमध्ये काय झालं?"

वहिनी हसल्या असाव्यात. घारभाऊंना दिसलं नाही. "पेपर आणा. वाचते."

त्यांनी खाली जाऊन पेपर आणला. वहिनींनी तो नाकाला लावला. पेपर बराच वेळ तसाच राहिला, श्वासाबरोबर थोडा थोडा हलत. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"आज आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "लिहिणारा रजेवर असेल."

त्यानंतर त्या फारशा बोलल्या नाहीत, आणि मग बोलल्याच नाहीत.

घारभाऊंच्या वाट्याला सगळं घर आलं, आणि ते सगळंच्या सगळं हाताच्या अलीकडचं निघालं. त्यांनी चहात मीठ घातलं, ते चालून गेलं. त्यांनी पाठीला लावायच्या मलमाने दात घासले, ते चाललं नाही. रक्तदाबाची गोळी कुठली आणि पोटाची कुठली हे ते चवीवरून ठरवायला लागले. वहिनींचा फोटो भिंतीवर होता, तो दाराबाहेर जिन्यात उभं राहून बघितला तर ओळखू येई. पण शेजाऱ्यांना ते बरं दिसेना. म्हातारा स्वतःच्याच घरात डोकावतोय म्हणून एकाने विचारलंही, "किल्ली हरवली का, घारभाऊ?"

मुलगी आठवड्यातून येई. ती आली की घारभाऊ पेपर पुढे करत.

"आतलं पान. खाली डावीकडे."

"बाबा, इथं टायरची जाहिरात आहे."

"मग उजवीकडे बघ. लिफ्टवाल्याचं."

"असलं काही नाहीये हो."

"तुला कंटाळा आलाय, असं सांग ना सरळ."

"अहो, खरंच नाहीये! काल नव्हतं, परवा नव्हतं. सोन्याचा भाव वाचू?"

"आईला रोज सापडायचं," घारभाऊ म्हणाले, आणि मुलीचे डोळे भरून आले. तेही त्यांना दिसलं नाही, पण तिने नाक ओढलं ते ऐकू आलं. त्यांनी विषय सोडला, पण मनातून नाही. त्यांच्या हिशेबी एक माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात टोपी हातात घेऊन उभा होता, आणि त्याला बाहेर काढायची कुणालाच घाई नव्हती.

तेव्हा सवत घरात आणायचं ठरलं. घारभाऊ चष्म्याच्या दुकानात गेले.

तपासायला एक तरुण मुलगी होती. तिने त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर एक लोखंडी सांगाडा चढवला आणि समोरचा तक्ता उजळवला.

"काका, किती दिसतं ते सांगा."

"खालपासून सांगतो," घारभाऊ म्हणाले. "वेळ वाचेल." आणि त्यांनी सवयीने मान झटक्यात आणि मग सावकाश वळवली. "ग. त. मग न आहे. मग बहुतेक प."

"काका, तिथं अक्षरं नाहीत. आकडे आहेत."

"आकडे?"

"आणि वरच्या तीन ओळींच्या खालचं तुम्हाला दिसत नाहीये, हो ना?"

घारभाऊंना वाटलं, हिने दिवा कमी केला असणार. त्यांनी तसं सुचवलं. तिने दिवा वाढवला. तक्ता जास्त उजळ झाला आणि तेवढाच धूसर राहिला.

"माझं लांबचं चांगलं आहे," ते म्हणाले. "लांबच्यावर मी आयुष्य काढलंय. मला घार म्हणतात. जवळचं तेवढं बघा."

"जवळचं देतेच. पण लांबचंही गेलंय, काका." ती सांगाड्यात भिंगं घालत होती, काढत होती. "थांबा, सांगते तुम्हाला. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. बघाल त्याचं चित्र बरोबर त्या पडद्यावर पडायला पाहिजे. तुमचा डोळा जन्मापासूनच जरा आखूड आहे. पडदा अलीकडे आलाय आणि चित्र त्याच्या मागे पडू बघतंय."

"म्हणजे माल खुणेच्या पलीकडे उतरतोय."

"काय?"

"काही नाही. पुढे?"

"तर डोळ्यातलं भिंग फुगून ते चित्र ओढून पडद्यावर आणतं. तरुणपणी भिंग लवचिक असतं, जमतं त्याला. लांबचं बघताना थोडं ओढायचं, जवळचं बघताना खूप. पण सतत ओढायचं. दुसऱ्यांचा डोळा लांब बघताना आराम करतो, तुमचा तेव्हाही कामावर. कपाळ दुखायचं का हो संध्याकाळी?"

"उन्हाने," घारभाऊ म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. जन्मभर क्रेन चालवलेल्या माणसाला, रिकामा दिसणारा हूक आतून सारखा ताण घेतोय म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. "आणि आता?"

"वय झालं की भिंग ताठ होतं. ओढता येत नाही. आधी जवळचं जातं, मग हळूहळू लांबचंही. आता मी मधे जाड असलेलं भिंग देते. ते किरणांना डोळ्यात शिरायच्या आधीच आत वळवतं. म्हणजे तुमचा माल खुणेवर," ती हसून म्हणाली. पोरगी हुशार होती.

"लांबचं कधी गेलं असेल?"

"झाली असतील बरीच वर्षं. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

घारभाऊंना साबणाचा कारखाना आठवला. त्याचं बंद फाटक, आणि पदराने कपाळ टिपणारी बायको. "हो का? बदलला असेल."

"आलं असेल," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, "उलटं असलं तर? जवळचं लख्ख आणि लांब नुसतं धुकं?"

"त्यांचा डोळा लांबट असतो. चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं. त्यांना मधे पातळ भिंग लागतं. ते तर सोपं असतं, काका. साधा चष्मा लावला की झाडाची पानंसुद्धा वेगवेगळी दिसतात. पहिल्यांदा लावतात ना, तेव्हा काही काही जण रडतात इथं."

"साधा?"

"अगदी साधा."

त्यानंतर सांगाड्यात ती जे भिंग घालील त्याला घारभाऊ "बरं आहे" म्हणत गेले, त्यामुळे बिचारीला सगळं दोनदा तपासावं लागलं.

चष्मा तयार झाला. वरच्या अर्ध्यात लांबचं, खालच्या अर्ध्यात जवळचं, मधे एक बारीक रेघ. दुकानातून घरी येताना पायऱ्या अंगावर आल्या, कठडा वाकला. घरात शिरल्यावर त्यांनी खालच्या अर्ध्यातून पहिल्यांदा आपले हात बघितले आणि हे कुणाचे असा प्रश्न त्यांना पडला. मग अंगातल्या सदऱ्याची बाही बघितली. कोपरापाशी रफू होतं, धाग्याला धागा जुळवून केलेलं. त्यांनी कपाट उघडलं. प्रत्येक सदऱ्यावर कुठे ना कुठे होतं. आपले कपडे टिकतात, हे ते जन्मभर कापडाचं कौतुक म्हणून सांगत आले होते.

कपाट लावून ते पेपराकडे वळले. आतलं पान, खाली डावीकडे. टायरची जाहिरात. कालच्या पेपरात पलंगाची. गॅलरीच्या कोपऱ्यात जुन्या पेपरांचा ढीग होता, वहिनींच्या हातच्या घड्या घातलेला. तो त्यांनी फरशीवर बसून सगळा उपसला. टायर, पलंग, टायर, केस वाढवायचं तेल. ज्या दिवशी लिफ्ट अडकली त्या दिवशीचा पेपर सापडला. खाली डावीकडे हवामानाचा अंदाज होता.

दुसरा कुणी असता तर इथंच समजला असता. घारभाऊ समजले नाहीत. किंवा समजायला त्यांनी नकार दिला, ज्याचा त्यांना सराव होता. त्यांनी निष्कर्ष काढला की पेपराच्या दोन आवृत्त्या निघतात, आणि रद्दीवाल्याने किंवा मुलीने किंवा नशिबाने त्यांच्या गळ्यात चुकीची मारली आहे. ते इस्त्रीचा सदरा घालून सरळ पेपराच्या कचेरीत गेले.

एक उपसंपादक होते. चष्मा कपाळावर चढवून टेबलावर चष्मा शोधत होते.

"कपाळावर," घारभाऊ म्हणाले.

"आभारी आहे. बोला, आजोबा."

"लिफ्टवाल्याचं सदर बंद का केलंत?"

"कसलं सदर?"

"आतल्या पानावर. खाली डावीकडे. तो अडकलाय दोन मजल्यांच्या मध्ये. असं मध्येच सोडणं बरं नव्हे. लोक वाट बघतात."

उपसंपादकांनी चष्मा नाकावर घेतला आणि घारभाऊंकडे नीट बघितलं. "आजोबा, मी इथं कित्येक वर्षं आहे. असं सदर आमच्याकडे कधीच नव्हतं."

"असं कसं नव्हतं? रोज यायचं!"

"काय यायचं, सांगा तरी."

तेव्हा घारभाऊंनी सांगायला सुरुवात केली. आयुष्यात त्यांनी कुणाला गोष्ट अशी सांगितली नव्हती, आणि सुरुवातीला ते एखादा अपघात पोलिसांना सांगावा तसे सांगत होते. पण मोठे साहेब तळघरात उतरले आणि उपसंपादक हसले. शेजारच्या टेबलावरची बाई खुर्ची ओढून जवळ आली. सफाईवाली गच्चीवर हवा खायला गेली तेव्हा पलीकडचे दोघं उठून आले. घारभाऊंना रंग चढला.

"आणि एकदा काय झालं, याने थांबवली भलत्याच मजल्यावर. लोक ओरडायला लागले. तर हा म्हणतो, मी बरोबर थांबलोय, मजला..."

ते थांबले.

"मजला काय?" बाईने विचारलं.

"मजला हलवलाय त्यांनी," घारभाऊ हळू आवाजात म्हणाले.

कचेरी हसून लोळली. उपसंपादकांनी डोळे पुसले. "काय हट्टी माणूस आहे हो! याची बायको कशी राहते याच्याबरोबर?"

घारभाऊ उभे होते. मान ना झटक्यात वळत होती ना सावकाश.

"आजोबा, थट्टा नाही करत," उपसंपादक पुढे वाकून म्हणाले, "हे आमच्याकडचं नाही, पण ज्याने कुणी रचलंय त्याला आमच्याकडे पाठवा. आम्हाला असं लिहिणारं माणूस मिळत नाहीये. तुम्हाला वाचून कोण दाखवायचं?"

"घरचं माणूस."

"मग त्यांनाच विचारा ना. कुठून वाचायचे ते."

"विचारलं असतं," घारभाऊ म्हणाले. मग कुणी पाणी आणलं, कुणी बसा म्हणालं, पण ते बसले नाहीत. जाताना त्यांनी त्या दिवसाचा पेपर मागून घेतला.

घरी येईतो संध्याकाळ झाली होती. त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकली. मग जरा थांबून दुसरीही टाकली. चष्म्याच्या वरच्या अर्ध्यातून त्यांनी पहिल्यांदाच समोरची इमारत नीट बघितली. कौलांच्या कडा, वाळत घातलेले मोजे, तिसऱ्यावरच्या घड्याळातले काटे. नजर चौथ्या मजल्यावर गेली.

खिडकीत बाई नव्हती. घर रिकामं होतं, काचा धुळीने माखलेल्या, आणि खिडकीला टेकून एक गुंडाळलेली गादी उभी करून ठेवलेली होती. फिकट रंगाची. वरच्या टोकाला दोरी बांधलेली, त्यामुळे मान असल्यासारखी.

वर्षानुवर्षं त्यांनी बायकोला दिलेलं दूरचं जग ते हे. रोज संध्याकाळी, जबाबदारीने, एक गादी. आणि तिने तीही वाया जाऊ दिली नव्हती. तिने तिला लिफ्टमध्ये चढवलं, "चौथा" म्हणायला शिकवलं आणि एका हट्टी माणसासमोर नेऊन उभं केलं. बिचारी, ती म्हणायची. आता नक्की कुणाला म्हणायची, हे सांगणं अवघड होतं.

घारभाऊंनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. समोरच्या खिडकीत बाई परत येऊन उभी राहिली. नुसती.

त्यांनी पेपर उलगडला, आतलं पान काढलं आणि ते नाकाला लावलं. जवळ आणल्यावर टायरची जाहिरात विरघळून करडा चिखल झाली. शाईचा वास आला. या वासात ती रोज बसायची तर. त्यांनी घसा खाकरला.

"लिफ्टवाल्याने टोपी काढली," ते मोठ्याने म्हणाले. शेजारच्या गॅलरीत कुणीतरी खिडकी लावून घेतली. "टोपी काढली, आणि तो म्हणाला..."

पुढचं येईना. त्यांना गोष्टी येत नव्हत्या; बसचे नंबर येत होते, तेही चुकीचे. ते बराच वेळ त्या चिखलात बघत राहिले.

"तो म्हणाला, मजला कुणी हलवलेला नव्हता. चुकलं माझं. मला दिसत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. आणि तुमचे ओठ निळे झाले होते, तेही मला दिसलं नाही."

त्यांनी पेपर आणखी जवळ ओढला, अगदी नाक टेकेपर्यंत. लिफ्टमध्ये अंधार होता. बाई ऐकत होती हे नक्की, कारण ती चौथा म्हणाली नाही. पण त्यावर ती काय म्हणाली ते मात्र, पेपर कसाही धरला तरी, घारभाऊंना वाचता येईना.